झाकलेल्या फुलाची दया

टेलर मास्तरांच्या आयुष्यात 'संयोजक' हा शब्द अत्यंत उशिरा आला, आणि उशिरा आलेल्या पाहुण्याची जशी अधिकच सरबराई होते, तशी मास्तरांनी त्या शब्दाची केली. दुकानाच्या कपाळावर 'शर्ट, पँट, ब्लाउज व अल्टरेशन' ही जुनी पाटी होती. तिच्याखाली त्यांनी स्वहस्ते रंगवलेली दुसरी पाटी ठोकली : 'संयोजक, बाग परागीभवन निरीक्षण गट'. लोक तयार कपडे घेऊ लागल्यापासून त्या दुकानाची पायरी चढणारी माणसे दोनच प्रकारची उरली होती, पँटची चेन बदलून घेणारी आणि पत्ता विचारणारी. नव्या पाटीमुळे पत्ता विचारणारेही क्षणभर मान वर करून उभे राहत व हे काय प्रकरण आहे असे विचारीत. तेव्हा मास्तर गळ्यातली टेप काढून खुंटीला लावीत, समोरच्याला स्टूल देत आणि समजावू लागत. ज्याला कोठे वेळेवर पोचायचे असेल त्याने त्या दुकानात पत्ता विचारू नये, असे गल्लीत बोलले जाई.

हे पद त्यांना कसे प्राप्त झाले, तेही सांगणे अगत्याचे आहे. विद्यापीठातील एक मॅडम भोपळ्याच्या फुलांवर येणाऱ्या कीटकांचा अभ्यास करीत होत्या. त्यांना जाळीच्या लहान पिशव्या हव्या होत्या. मास्तरांनी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या अशा बारीक टिपेने शिवून दिल्या की मुंगीलासुद्धा आत शिरण्यासाठी अर्ज करावा लागला असता. मॅडम प्रसन्न झाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मग इथलं सगळं तुम्हीच बघा ना, मास्तर." मॅडम बहुधा सहज बोलल्या असाव्यात. मास्तरांनी ती नेमणूक मानली.

प्रयोग समजण्यास सोपा होता, परंतु पाळण्यास कठीण होता. गटातील प्रत्येकाच्या अंगणात लाल भोपळ्याचा एक वेल. भोपळ्याला नरफुले निराळी आणि मादीफुले निराळी. मादीफुलाच्या बुडाशी जन्मापासूनच गोटीएवढे इवले फळ असते. हे फूल अवघी एक सकाळ उघडते. तेवढ्यात एखादी मधमाशी किंवा भुंगा नरफुलातले पराग अंगाला माखून तिकडे गेला तर फळ धरते. कोणीच गेले नाही तर ते इवले फळ पिवळे पडून गळून जाते. दर आठवड्याला प्रत्येकाने उद्या उमलणाऱ्या दोन मादीकळ्या निवडायच्या. एकीवर मास्तरांची पिशवी बांधायची, दुसरी उघडी ठेवायची. सकाळी उघड्या फुलापाशी बसून कोण आले, कोण गेले ते पाहायचे, आणि पुढे कोणते फळ धरले ते मॅडमना कळवायचे. झाकलेले गळते आणि उघड्यांपैकी किती धरतात, यावरून या भागातले कीटक आपले काम किती करतात हे मॅडमना समजणार होते.

आरंभी उत्साह ओसंडून वाहत होता. शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टर पहाटेच खुर्ची टाकून बसत आणि भुंग्याकडे अशा पाहत की जणू तो भेटीची वेळ सोडून रुग्णाला भेटायला आला आहे. बँकेतून निवृत्त झालेले कॅशियरसाहेब प्रत्येक माशी दोनदा मोजीत. मास्तरांच्या पत्नीची मावशी, जिला सारी गल्लीच मावशी म्हणे, ती फुलाशी बोलत बसे. आणि मास्तरांचे साडू, ज्यांचे चौकात औषधांचे दुकान होते, ते केवळ मास्तर संयोजक आहेत म्हणून गटात आले होते. मास्तरांना एखादे काम कितपत जमत नाही ते जवळून पाहण्याची संधी त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती.

पुढे उत्साहाला ओहोटी लागली. त्याचे कारण भुंगे नव्हते, झाकलेले फूल होते. आपणच निवडायचे, आपणच त्याचे तोंड बांधायचे, आणि मग आठवडाभर त्याचे ते इवलेसे फळ पिवळे पडताना आपणच पाहायचे, हे कोणाच्याही अंतःकरणाला मानवेना. मावशींनी तर स्पष्टच सांगितले की आपण एवढी बाळंतपणे निभावली ती हे बघायला नव्हे. सिस्टरांची कंबर धरू लागली. कॅशियरसाहेबांना सकाळी फिरायला जाण्याचा डॉक्टरांनी आग्रह केला होता म्हणे, परंतु तो डॉक्टर कोण हे त्यांना आठवत नव्हते.

अशा वेळी मॅडमचा फोन आला. इतर दोन ठिकाणचे गट अर्ध्यावर फुटले होते आणि अर्ध्या हंगामाची माहिती त्यांच्या काही कामाची नव्हती. तुमचाही गट फुटला तर हा भाग मला अभ्यासातून वगळावा लागेल, असे त्या सौम्यपणे म्हणाल्या. मास्तरांनी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन पाटीकडे पाहिले. ती काढताना भिंतीला भोके राहतील, आणि ती भोके साडू रोज येता-जाता पाहतील, हा विचार त्यांच्या काळजाला सुईसारखा टोचला.

आणि त्याच दिवशी साडू आले. औषधाच्या कागदी पाकिटात त्यांनी पिशव्या घडी करून आणल्या होत्या.

"घ्या तुमची मच्छरदाणी," साडू म्हणाले. "आमच्याकडून होणार नाही. गिऱ्हाईक सोडून फुलं गळायची वाट बघतोय म्हणे माणूस."

मास्तरांनी पाकीट हातात घेतले. त्या क्षणापर्यंत त्यांच्या मनात काहीही नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि जिभेला कधी कधी मनाची परवानगी लागत नाही.

"सोडा, साडूभाऊ," ते टेप गुंडाळीत म्हणाले. "ज्या आठवड्यात सिस्टरांचं झाकलेलं फूल धरलं, नेमकं त्याच आठवड्यात सोडताय, एवढंच वाईट वाटतं."

"झाकलेलं? आणि धरलं?"

"कोणाला बोलू नका. मॅडमना अजून कळवलं नाही. म्हणतात, लाखात एखाद्याचं असं होतं. वेल सांभाळणारा हात लागतो तसा."

साडू बराच वेळ काउंटरवर बोटे वाजवीत उभे राहिले. मग त्यांनी ते पाकीट मास्तरांच्या हातून परत घेतले आणि निघून गेले. कोणाला बोलू नका असे ज्यांना सांगितले ते औषधांच्या दुकानाचे मालक होते. सायंकाळपर्यंत खोकल्याच्या औषधाबरोबर ही बातमीही घरोघरी पोचली.

मास्तरांना वाटले होते की साडू एक आठवडा टिकले तरी पुष्कळ. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गट हजर होता. कॅशियरसाहेबांना फिरायला जायला सांगणारा डॉक्टर कायमचा विस्मृतीत गेला. मावशींनी नवी पिशवी मागून घेतली आणि मास्तरांच्या पत्नीने, जिने आजवर या प्रकरणाला 'यांचे भोपळे' यापलीकडे नाव दिले नव्हते, घरच्या वेलाची जबाबदारी आपणहून स्वीकारली. मास्तर रात्री शांत झोपले. एका लहानशा असत्याने एवढे मोठे कार्य तरून जात असेल तर त्याला असत्य तरी का म्हणावे, असाही एक विचार त्यांच्या मनाला शिवून गेला.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी त्यांना अंगणात बोलावले आणि वेलाची पाने बाजूला केली. पिशवीच्या आत लिंबाएवढे, हिरवेगार, तुकतुकीत फळ होते. झाकलेले फूल खरोखरच धरले होते.

मास्तरांनी पिशवीची गाठ तपासली, टीप तपासली, फळ बोटाने दाबून पाहिले. आपल्या तोंडून बाहेर पडलेली थाप आठवड्याभरात वेलावर लागलेली पाहण्याचा प्रसंग फार थोड्या माणसांवर येतो. सिस्टर मात्र शांत होत्या. किंचित जास्तच शांत होत्या, परंतु ते मास्तरांच्या ध्यानी आले नाही. त्यानंतर कॅशियरसाहेबांकडचे झाकलेले फूल धरले. मग मावशींचे. मग साडूंचे, आणि साडूंनी ते पाहायला मास्तरांना मुद्दाम चहाला बोलावले. शेवटी मास्तरांच्या स्वतःच्या अंगणातले झाकलेले फूलही धरले. तेव्हा मात्र मास्तर वेलापाशी मटकन बसले. ज्या शास्त्राची महती त्यांनी एवढ्या वाटसरूंना स्टुलावर बसवून सांगितली होती, ते शास्त्र त्यांच्याच अंगणात येऊन खोटे ठरत होते. पत्नी आत भांडी जरा जोरातच वाजवीत होती.

हे सारे मॅडमपर्यंत गेले, आणि मॅडम स्वतः आल्या.

गट दुकानात जमला. शिलाई मशीन भिंतीला सरकवले होते, स्टूल कमी पडले म्हणून साडू कापडाच्या गठ्ठ्यावर बसले होते. मॅडमनी एक पिशवी हातात घेऊन दिव्यासमोर धरली. त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि हेच अधिक कठीण होते. त्यांनी सांगितले की झाकलेले फूल फळ धरते याचा अर्थ एकच संभवतो, आत काहीतरी शिरते आहे. कापडाची जाळी बारीक आहे. म्हणजे दोष टिपेत असला पाहिजे.

"शिवण सैल पडली असेल, मास्तर," त्या म्हणाल्या. "होतं असं. पण मग मला इथला सगळा हंगाम रद्द धरावा लागेल."

मास्तरांनी आपल्या आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतले होते. बाही आखूड झाली, कॉलर तिरकी बसली, दिलेल्या तारखेला कपडा मिळाला नाही. परंतु टीप सैल आहे असे त्यांना आजपर्यंत कोणी म्हटले नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर ती बारीक, एकसारखी, मुंगीला अर्ज करायला लावणारी टीप उभी राहिली. तोंड उघडावे आणि सांगावे की बाई, शिवण उसवून दाखवा, मी धंदा सोडतो, असे त्यांना वाटले. पण शिवण चोख असेल तर मग फळ धरले कसे, हा प्रश्न निघाला असता. आणि त्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला या गटातलाच कोणीतरी उभा असणार, हे एव्हाना त्यांना अंधूक कळू लागले होते. त्याला उघडे पाडले तर तो जाईल, त्याच्यामागे बाकीचे जातील. मास्तरांनी मान खाली घातली.

"असेल," ते हळूच म्हणाले. "डोळे कमी झालेत आता माझे."

साडूंनी कधी नव्हे ते मास्तरांकडे न पाहता जमिनीकडे पाहिले. आणि मग सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"पिशवीला नावं ठेवू नका, मॅडम. पिशवी मी सोडली होती. कापसाच्या बोळ्यानं पराग लावले आणि परत बांधली."

एकदा टाका निसटला की शिवण उसवायला वेळ लागत नाही. कॅशियरसाहेबांनी खाकरून सांगितले की त्यांनी दाढीचा जुना ब्रश वापरला, मात्र स्वच्छ धुऊन. मावशी म्हणाल्या, ब्रशबिश कशाला, नरफूल तोडले, पाकळ्या काढल्या आणि दिले टेकवून. आपल्याला ते पोर डोळ्यांदेखत सुकताना बघवत नव्हते. साडूंनी कान साफ करायच्या काडीचा उल्लेख केला आणि ती काडी निर्जंतुक असल्याचे आवर्जून नोंदवले. मास्तर एकेकाकडे पाहत होते. तेवढ्यात मागच्या दारातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

"आपलंही मीच केलं. सगळ्यांची धरली आणि संयोजकाचंच गळलं असतं तर यांनी आठ दिवस जेवण सोडलं असतं."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. पहिल्यांदा कोणी केले एवढेच त्यांना हवे होते, आणि साऱ्यांनी सिस्टरांकडे बोट दाखवले. सिस्टरांचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या की त्यांनी हे आपणहून केले नव्हते. त्यांचे झाकलेले फूल नेहमीप्रमाणे गळले होते. पण त्याच संध्याकाळपासून माणसे अभिनंदन करायला दारात येऊ लागली. एकीने तर साखर आणली. नाही म्हणायचे तर आलेल्यांचा अपमान, होय म्हणायचे तर फळ कुठे आहे? शेवटी दुसरे फूल झाकले आणि ते धरवले.

"पण तुमचं फूल धरलं, हे सांगितलं कोणी?" मॅडमनी विचारले.

कॅशियरसाहेबांना मावशींनी सांगितले होते. मावशींना त्यांच्या भाचीने, म्हणजे साडूंच्या पत्नीने. तिला साडूंनी. साडू कापडाच्या गठ्ठ्यावर ताठ बसले, त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

"सांगता का मास्तर, की मी सांगू?"

मास्तरांनी सांगितले. काही लपवले नाही. गट फुटू नये म्हणून बोललो एवढेच म्हणाले, आणि ती दुसरी पाटी आजच काढतो असेही म्हणाले.

मॅडमनी मग एक अनपेक्षित प्रश्न विचारला. हाताने पराग लावलेल्यांपैकी गळली किती? सगळ्यांनी आठवून पाहिले. जवळजवळ एकही नाही. आणि शेजारी उघडी ठेवलेली, जी मधमाश्यांवर सोपवली होती? त्यांतली तर बरीच गळली होती. त्याकडे कोणाचे लक्षच नव्हते, कारण सगळ्यांचा जीव झाकलेल्यात अडकला होता.

"म्हणजे वेलात खोट नाही," मॅडम म्हणाल्या. "फुलातही नाही. येणारेच कमी पडतायत."

अंगणात बसून मोजलेले ते तुरळक भुंगे प्रत्येकाला आठवले. मावशींनी पदर सारखा केला आणि विचारले, की मग बिचारे जातात तरी कुठे? तेही शोधायचे आहे, मॅडम म्हणाल्या. आजवरची नोंद रद्द करून नव्याने सुरुवात करता येईल, असे त्यांनी सांगितले, आणि या वेळी प्रत्येक वेलावर तीन फुले राहतील : एक झाकलेले, एक उघडे आणि एक हाताने पराग लावलेले. अट एकच, झाकलेल्याला कोणी हात लावायचा नाही.

येथे पुन्हा गाडीचे चाक रुतले. मावशी म्हणाल्या की बाई, वचन मागू नका, माझ्याने ते पाळवणार नाही. सिस्टरांनीही मान हलवली. मॅडमनी हताश होऊन मास्तरांकडे पाहिले, आणि मास्तरांनी सवयीने तोंड उघडले, पण साऱ्या गटाचे डोळे एकदम आपल्यावर रोखलेले पाहून पुन्हा मिटले. मार्ग कॅशियरसाहेबांनी काढला. बँकेत कोणी स्वतःची रोकडपेटी स्वतः तपासत नाही, असे ते म्हणाले. आपल्या झाकलेल्या फुलावर दुसऱ्याने पहारा करावा. आपल्या फुलाची दया येते. दुसऱ्याच्या फुलाची कोणाला येणार आहे?

ही योजना एवढ्या तत्परतेने मान्य झाली की मॅडमना तिचे थोडे भयच वाटले. आजवर जे लोक स्वतःच्या अंगणात यायला कंबर, डॉक्टर आणि गिऱ्हाईक यांची सबब सांगत होते, ते दुसऱ्याच्या अंगणात पहाटे जाण्यासाठी भांडू लागले. कॅशियरसाहेबांनी मावशींचे घर मागून घेतले. मावशींना कोणाचेही चालत होते, फक्त ब्रशवाल्याचे आधी द्या म्हणाल्या. साडूंनी निवड करायला क्षणाचाही वेळ घेतला नाही. त्यांनी मास्तरांचा वेल घेतला. मास्तरांनी पाटी काढण्याचा विषय पुन्हा काढला तेव्हाही साडूच म्हणाले की पाटी राहू द्या, हे संयोजक नसतील तर आम्ही लक्ष कोणावर ठेवायचे?

त्या दिवसापासून साडू रोज पहाटे मास्तरांच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसलेले दिसू लागले. पत्नीने त्यांना मुद्दाम चहा द्यावा आणि मास्तरांनी वेलाजवळून जाताना दोन्ही हात वर करून जावे, असा क्रम पडला. एकदा मास्तरांना ते पिवळे पडत चाललेले इवले फळ पाहून राहवले नाही. निदान पाणी तरी घालू का, असे त्यांनी विचारले.

"मुळाला घाला," साडू म्हणाले. "फुलाकडे बघायचं काम नाही."

मास्तरांच्या वाट्याला सिस्टरांच्या वेलाचा पहारा आला होता. ते स्टूल घेऊन तेथे जात आणि पिशवीच्या गाठीवर नजर ठेवून बसत. सिस्टर दोन पावले मागे, हात पोटाशी बांधून उभ्या राहत. एके दिवशी असेच नुकते उजाडले होते. उघड्या फुलात एक भुंगा डोके खुपसून उलटासुलटा होत होता, आणि झाकलेले फूल जाळीआड पूर्ण उमललेले होते, पिवळेधमक, वाट पाहणारे. सिस्टर एकदा त्या फुलाकडे पाहत होत्या, एकदा मास्तरांच्या पाठीकडे.

"आत चहा ठेवलाय, मास्तर."

"इथंच घेईन."

थोडा वेळ गेला. भुंगा उडाला. सिस्टरांनी आवाज खाली आणला आणि सहजच बोलावे तसे त्या म्हणाल्या, "काल ऐकलं, कॅशियरसाहेबांचं झाकलेलं धरलं म्हणे. मावशींचा पहारा असून. कोणाला बोलू नका, पण तुम्ही संयोजक, एकदा बघून यायला हवं."

मास्तर स्टुलावरून अर्धे उठले. त्याच अवस्थेत ते काही क्षण थांबले. ही बातमी, हा खालचा आवाज, हे 'कोणाला बोलू नका', हे सारे कापड त्यांच्या ओळखीचे होते. ते त्यांच्याच दुकानात बेतले गेले होते. ते सावकाश पुन्हा खाली बसले.

"बघेन," ते म्हणाले. "फूल मिटलं की बघेन. दुपारी."

सिस्टर हसल्या आणि चहा आणायला आत गेल्या. मास्तरांनी नजर गाठीवरून हलवली नाही. परंतु कॅशियरसाहेबांचे खरोखरच धरले असेल तर काय, हा प्रश्न काही त्यांना सोडीना. आणि त्यांचा उजवा पाय, त्यांच्या नकळत, स्टुलाखालून फाटकाच्या दिशेने सरकत होता.